अदमास

आमच्या घरात तराजू नव्हता. माळ्यावर पितळी पारड्यांचा एक पडला आहे. पण त्याची वजने कोणी नेली आणि केव्हा, हे आता कोणालाच सांगता येत नाही. खरे सांगायचे तर त्याची उणीवही कधी भासली नाही. माझ्या सासूबाईंचा हात हेच घरातले माप होते. पुरणाला गूळ किती, तर त्या गुळाचा खडा तळहातावर घेऊन जरा झेलल्यासारखा करीत आणि म्हणत, "अजून लिंबाएवढा लागंल." लिंबू लहान की मोठे, हे विचारायची सोय नव्हती. लग्न होऊन मी खराडीत आले तेव्हा माझी पहिली दोन वर्षे ही लिंबे, सुपाऱ्या नि बोरे समजून घेण्यातच गेली.

त्यांचा खरा हातखंडा उटण्याचा. दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या गावठाणातल्या घराच्या पडवीत नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आंबेहळद, गुलाबपाकळी, मसुरीचे पीठ असे सारे कागदांवर मांडले जाई. सासूबाई, आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो, मध्ये पाटावर बसत. मुठीने घेत, परातीत टाकीत, कालवीत. मग चिमूटभर नाकाशी नेऊन डोळे मिटीत. पुन्हा एखादी मूठ, पुन्हा एखादी चिमूट. आमच्या आळीतली दहाबारा घरे तरी त्या उटण्याची वाट पाहत असत. मी शाळेत शिकवते, तेव्हा कोणतीही विद्या वहीत उतरवता येते असा माझा जुना समज. दोनतीन दिवाळ्यांना मी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसले. त्या वह्या परवा सापडल्या. 'नागरमोथा – बराच. वाळा – त्याहून कमी. कपूरकचरी – बेताने.' एवढेच माझ्या हाती लागले होते. किती घेतले असे विचारले की त्या म्हणत, "अदमासानं." जणू अदमास हेही एखादे शेर-पायलीसारखे माप आहे आणि ते मला शाळेत शिकवायचे राहून गेले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात करोना आला. आत्याबाई त्यातून उठल्या. आम्ही देवापुढे साखर ठेवली. त्यांचे काही गेले आहे, हे मात्र महिनाभर आम्हांला कळलेच नाही, कारण त्या बोलल्याच नाहीत. एके दिवशी दुपारी मी शाळेचे काम आटोपून स्वयंपाकघरात आले तो सारे घर धुराने भरलेले. कुकरातली डाळ जळून कोळसा झाली होती आणि आत्याबाई चुलीपासून चार हातांवर मेथी निवडीत बसल्या होत्या. मी ओरडले. त्यांनी वर पाहिले, धूर पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही. चोरी पकडली गेल्यासारखी ती नजर होती.

त्या दिवाळीला त्यांनी नेहमीप्रमाणे सामान मांडले. कालवले. चिमूट नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ तशाच बसल्या. मग चिमूट परातीत टाकून हात झटकले आणि म्हणाल्या, "हे उटनं हाय का माती हाय, मला कळंना. बाजारातनं आना." त्या वर्षी आम्ही सर्वांनी पुडीतले उटणे लावले. आळीतल्या कोणी काही विचारले नाही. न विचारणेच त्यांना अधिक लागले असावे.

डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, या चार तेलांच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ एकेक करून नाकाशी धरायच्या आणि तो वास कसा असतो ते मनाशी आठवायचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या वैद्यांनी ही रीत २००९ साली मांडली. मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन चार बाटल्या आणल्या. आत्याबाई रोज त्या चार बाटल्यांपुढे जपाला बसावे तशा बसत. वर्षभर बसल्या. लवंग थोडी परत आली, तीही वास म्हणून नव्हे, नाकात काही टोचल्यासारखी. बाकीच्या तिघी आल्या नाहीत.

उरलेल्या तेलांचे काय करायचे? माझी मुलगी कॉलेजात जाते. तिने आधी त्यांत मेण मिसळून पाहिले आणि मग तिला त्याचा नादच लागला. आमच्या खराडीत जिथे ज्वारी-बाजरी उभी असे तिथे आता काचेच्या इमारती आणि वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या आहेत. त्या सोसायट्यांतून दिवाळीच्या आधी विक्रीचे मेळे भरतात आणि काचेच्या पेल्यातली वासाची मेणबत्ती तिथे पणतीहून जास्त खपते. मेण सोयाबीनचे. हे मेण १९९० च्या दशकात अमेरिकेत निघाले. आपल्या लातूर-अकोल्याकडचे शेतकरी ज्या सोयाबीनच्या भावासाठी आभाळाकडे नि बाजाराकडे पाहत असतात, त्याच्याच तेलापासून ते होते. मुलीने पहिल्याच आठवड्यात एक छोटा विजेऱ्यांवर चालणारा वजनकाटा आणला. अशा रीतीने आमच्या घरात वजन आले.

आता या कामातले गणित असे आहे. पेल्यात किती मेण मावेल हे आधी ठरवायचे. मी म्हटले, त्यात काय, पाणी भरून पाहू. पेला काट्यावर ठेवून खुणेपर्यंत पाणी ओतले. १६० ग्रॅम भरले. म्हणजे एका पेल्याला १६० ग्रॅम मेण, असा हिशेब मी मांडला. दहावीला गणिताने मला जेमतेम पलीकडे ढकलले होते, तेव्हा हिशेब इतक्या लवकर सुटल्याचा मला आनंद झाला. मुलगी म्हणाली, "आई, मेण पाण्यावर तरंगतं ना?" मी म्हटले, "तरंगतं. मग?" तेव्हा दारात बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "मग काय? पायलीभर बाजरी नि पायलीभर लाह्या सारख्याच भरत्यात व्हय?"

मी गप्प झाले. आत्याबाईंच्या लहानपणी धान्य मापाने जाई, तराजूने नव्हे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप जागा मोजते, वजन मोजीत नाही. १९५८ साली किलोग्रॅम आले आणि १९६२ पर्यंत सक्तीचे झाले, तेव्हा त्यांच्या वडिलांना पायलीचे किलो करताना दर धान्याला निराळा हिशेब ठेवावा लागला होता. ज्वारीची पायली निराळी, बाजरीची निराळी, तिळाची निराळी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला जे तेव्हा कळले होते, ते मला त्या दिवशी कळले. जिथे १६० ग्रॅम पाणी मावते तिथे वितळलेले मेण १४० ग्रॅमच्या आसपास मावते.

त्या १४० ग्रॅमांत सुगंध किती? आम्ही मेणाच्या शेकडा आठ घेतो. १३० ग्रॅम मेण असेल तर तेल १० ग्रॅम आणि वर चार दशांश. शेकडा कशाचा, हे मात्र आधी ठरवून ठेवावे लागते. मेणाचा की भरलेल्या पेल्याचा? सबंध १४० चे शेकडा आठ धरले तर तेल ११ ग्रॅमांच्या वर जाते. एका मेणबत्तीत हा फरक दिसत नाही. शंभरांत तो एक बाटली गिळतो. तेलही पळीने घ्यायचे नाही, काट्यावरच तोलायचे, कारण वाळ्याचे तेल आणि लिंबाचे तेल एकाच पळीत सारखे भरत नाही. पुन्हा पायली नि लाह्या. मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचे, थेट आचेवर कधीच नाही, ते भडकते. चांगले पातळ झाले की खाली उतरवून ७० अंशांच्या आतबाहेर येऊ द्यायचे. फार गरम असताना तेल घातले तर त्यातला बराच वास हवेत उडून जातो, फार निवल्यावर घातले तर नीट मुरत नाही. दोन मिनिटे सावकाश ढवळायचे. ओतल्यावर मेणबत्ती आठवडाभर तशीच ठेवायची आणि मग लावायची. एवढे सोपे आहे. आणि एवढ्या सोप्यात मी घाण केली.

झाले असे की, मुलीला एका सोसायटीच्या मेळ्यासाठी चाळीस मेणबत्त्या करायच्या होत्या आणि मध्येच तिची परीक्षा आली. मी म्हटले, मी करते. दीड किलो मेण वितळवले. हिशेबाप्रमाणे वाळ्याचे तेल १२० ग्रॅम. ते मी तोलूनच घातले. ढवळले, वास घेतला. आधी घर कसे पहिल्या पावसासारखे झाले! पण पाचसात मिनिटांनी मला वाटू लागले, वास फिका आहे. म्हणून थोडे आणखी ओतले. पुन्हा वास घेतला, पुन्हा फिका. पुन्हा थोडे. आता काट्याकडे कोण पाहतो? मी लेखिका, माझ्या नाकावर माझा विश्वास. दारातून आत्याबाईंचा आवाज आला, "मोजून घालतीस ना गं?" मी म्हटले, "हो आत्याबाई, अदमासानं." त्या काही बोलल्या नाहीत.

दोन दिवसांनी पेल्यांवर घामाचे थेंब फुटावे तसे तेल फुटले. एक मेणबत्ती लावून पाहिली तर ज्योत काजळी सोडू लागली नि काच काळी झाली. मेणाला जेवढा सुगंध पोटात घेता येतो तेवढाच ते घेते. बाकीचा बाहेर टाकते. वास फिका झालाच नव्हता. माझे नाक थकले होते. सतत एकच वास घेतला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणे सोडते. अत्तराच्या दुकानात बसलेल्या माणसाला अत्तर येत नाही, ते याचमुळे. म्हणजे सुगंध किती झाला हे ठरवायला सगळ्यांत नालायक माणूस कोण, तर तो कालवणारा. त्या दिवशी त्या खोलीत एकच व्यक्ती फसली नव्हती, आणि तिला वास येत नव्हता.

मला हे फार लागले, आणि ते मेणबत्त्यांसाठी नव्हे. मी कादंबऱ्या लिहिते. एखादा करुण प्रसंग लिहिताना पाचव्या-सहाव्या वाचनाला तो मलाच कोरडा वाटू लागतो आणि मी त्यात आणखी एक हुंदका ओतते. पुढे छापून आल्यावर वर्षभराने पुस्तक उघडावे तो पानावर सगळे तेल फुटलेले. ते कसे होते हे मला इतकी वर्षे कळत नव्हते. लिहिण्याच्या धंद्यात काटा नाही हेच खरे. परंतु खोलीबाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभे राहण्याची सोय तरी असते, आणि तीही मी वापरली नव्हती.

मेणबत्त्या दुरुस्त करायच्या तर साधे मेण मिसळून तेलाचे प्रमाण उतरवावे लागणार. पण किती मिसळायचे? वरून किती ओतले, हे मलाच माहीत नव्हते. न मोजता केलेली चूक मोजून सुधारता येत नाही. मुलीने परीक्षेचे पुस्तक मिटले, शिल्लक तेलाची बाटली काट्यावर ठेवली, तसलीच एक रिकामी बाटली तोलून तिचे वजन वजा केले आणि म्हणाली, "अडीचशेतले सत्तर उरलेत. म्हणजे तू एकशेऐंशी घातलंस." शेकडा आठऐवजी शेकडा बारा. १८० ग्रॅम तेलाला मेण हवे सव्वादोन किलो. होते दीड किलो. म्हणजे आणखी पाऊण किलो घालायचे. सगळे पेले पुन्हा गरम पाण्यात ठेवून रिकामे केले, पाऊण किलो मेण घातले आणि बाराच्या सतरा मेणबत्त्या झाल्या. मुलगी मला एका शब्दाने बोलली नाही. तेच अधिक झाले.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी ही फजिती सांगितली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अहो, मेणबत्ती हेच एके काळी माप होतं." १८६० साली इंग्लंडात कायद्यानेच ठरले होते की, देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची, पौंडाच्या सहाव्या हिश्शाची, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम वजनाची मेणबत्ती, जी ताशी १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमांच्या हिशेबाने जळते, तिचा उजेड हा एक. रस्त्यावरचे गॅसचे दिवे तिच्याशी ताडून पाहत. आजही उजेडाच्या एककाला 'कॅंडेला' म्हणतात. लॅटिनमध्ये मेणबत्तीला तोच शब्द आहे. गंमत अशी की, उजेड मोजण्यासाठी त्या लोकांनी मेणबत्ती तोलली. डोळ्यांवर त्यांचाही भरवसा नव्हता.

घरी येऊन मी हे सांगत होते, तेव्हा मुलीने महाबळेश्वरच्या भावेश भाटियांची गोष्ट काढली. तरुणपणी त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या १९५२ साली निघालेल्या संस्थेत ते मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्या विकू लागले आणि पुढे त्यांनी 'सनराइज कॅंडल्स' हा कारखाना काढला. तिथे काम करणारी बहुतेक माणसे अंध आहेत. आत्याबाईंनी हे ऐकून घेतले. हातातली जपमाळ थांबली. "डोळे न्हाईत आनि मेणबत्त्या करत्यात?" त्या म्हणाल्या. "माझं तर निस्तं नाक गेलंय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या काट्यापुढे बसलेल्या. आकडे त्यांना घड्याळामुळे नि बसच्या पाट्यांमुळे वाचता येतात. नातीने समोर कागद ठेवला होता: मेण १३००, तेल १०४. त्या थेंबाथेंबाने तेल ओतीत होत्या आणि आकडा १०४ झाल्याबरोबर हात असा थांबला की, पुढचा थेंब बाटलीच्या तोंडाशीच लटकला. वीस वर्षे मी तो हात पाहत आले आहे. त्याला ग्रॅम आज कळले एवढेच. त्या दिवाळीच्या उरलेल्या तेवीस मेणबत्त्या त्यांनी केल्या. एकीलाही घाम फुटला नाही.

त्यावरून मला एक गोष्ट सुचली. मी नागरमोथा, वाळा, सगळे सामान आणून परातीऐवजी काट्यावर एक ताटली ठेवली आणि म्हटले, "आत्याबाई, आकड्याकडं बघू नका. उटण्याला घेता तशी मूठ घ्या." त्यांनी नागरमोथ्याची मूठ टाकली; २३ ग्रॅम. परत ओतून पुन्हा घ्यायला लावली, २२. पुन्हा, २३. वाळ्याची मूठ सैल असे, ती तिन्ही वेळा १४ भरली. कपूरकचरीची चिमूट तीन बोटांची. दीड ग्रॅम, पुन्हा दीड. मी लिहीत होते आणि माझे डोळे भरून येत होते. अदमास म्हणजे मोघमपणा असे मी समजत आले होते. तो मोघमपणा माझ्या वहीत होता, त्यांच्या हातात नव्हता. 'बराच' हा शब्द माझा. त्यांच्या मुठीत तेवीस ग्रॅमच होते, पन्नास वर्षे.

सगळे लिहून झाले. मुठी किती, चिमटी किती, याचाही हिशेब त्यांनी बोटांवर सांगितला. मी वही मिटणार तोच त्या म्हणाल्या, "आनि शेवटची चिमूट."

"ती कशाची?"

"ते आधी कसं सांगू? नागरमोथा जुना असंल तर वाळा वर येतो. गुलाब ओला राहिला तर त्योच घुमतो. जे वर येईल त्याला धरून दुसरं घालायचं. वास घिऊनच कळतं."

वहीत ती ओळ मी मोकळी सोडली आहे.

दिवाळीच्या आधी आठ दिवस पडवीत पुन्हा कागद मांडले गेले. मुलीने काट्यावर तोलून सगळे परातीत घातले. आत्याबाई पाटावर बसून नुसत्या पाहत होत्या. कालवून झाले तशा त्या नातीला म्हणाल्या, "आता अंगनात जा. चांगलं फिरून ये. कालवनाऱ्याचं नाक खरं नसतं." मुलगी बाहेर गेली, जांभळाखाली थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. चिमूट नाकाशी नेली, डोळे मिटले.

"काय वर येतंय?" आत्याबाईंनी विचारले.

"वाळा. वाळाच येतोय, आजी."

"लई?"

"जरा जास्त."

"मग गुलाब टाक. तीन बोटांची चिमूट."

तिने टाकली. ती चिमूट काट्यावर तोलून पाहावी असे माझ्या मनात आले होते, पण मी काही बोलले नाही. आत्याबाईंनी परात स्वतःकडे ओढली, हाताने एकदा सारखी केली आणि आळीतल्या घरांसाठी पुड्या बांधायला बसल्या.